गाडीतून खाली उतरता येतं का?

३१ डिसेंबर २०२४. वर्षअखेर जंगलात घालवायला आलेल्यांची उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात झुंबड उडालेली. गोठणगावच्या बाजूला एक वाघीण आपली पाच पिल्लं घेऊन रस्त्यावर आली आणि तिथेच अडकली. पुढे जिप्सींची रांग, मागेही जिप्सींची रांग. तो व्हिडिओ नववर्षाच्या शुभेच्छांबरोबर घरोघरच्या फोनवर पोचला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारीत त्याची स्वतःहून दखल घेतली. गाइड आणि चालक निलंबित झाले, दंड झाले, नियम कडक झाले.

झालं ते योग्यच झालं. पण त्या गाड्यांच्या मागच्या बाकांवर कोण बसलं होतं, याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात. फेरी संपल्यावर बक्षिसी देणारे तेच. वाघ दिसला तर खिशातून नोट निघते, नाही दिसला तर “तुमच्या जंगलात काही नाहीच हो” हे वाक्य निघतं. चालक गाडी पुढे घुसवतो ती या दोन शक्यतांचा हिशेब करूनच. त्याचं पोट त्यावर आहे, आपलं नाही. म्हणून त्या गर्दीचा दोष मी आधी आपल्या पदरात घालते.

सुट्ट्या जवळ आल्या की ओळखीपाळखीतून फोन येतात. “वाघ हमखास कुठे दिसेल?” मी उलट विचारते, तुम्हाला बसून बघायचंय, चालून बघायचंय की रात्र काढायची आहे? कारण आपल्याकडची राष्ट्रीय उद्यानं एकमेकांपासून वेगळी आहेत ती तिथल्या प्राण्यांमुळे जेवढी, तेवढीच तिथे माणसाला काय करू देतात त्यामुळे. कुठे पाय जमिनीला लावता येत नाही, तर कुठे दिवसभर पायपीट करता येते. हे आधी ठरवलं तर निम्मा हिरमोड टळतो.

महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा: ताडोबा, पेंच, नवेगाव, मेळघाटातलं गुगामल, सह्याद्रीतलं चांदोली आणि मुंबईतलं संजय गांधी. यांतलं ताडोबा सगळ्यात जुनं, १९५५ सालचं. म्हणजे आजचा वन्यजीव संरक्षण कायदा (१९७२) व्हायच्या कितीतरी आधीचं. अभयारण्यात गुरं चारण्यासारखे काही हक्क चालू ठेवता येतात, राष्ट्रीय उद्यानात चराईला परवानगी नाही. कायद्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, पण पर्यटकाला फाटकावरची पाटी वाचून काही कळत नाही. नागझिरा हे अभयारण्य. व्यंकटेश माडगूळकर तिथे जाऊन राहिले आणि ‘नागझिरा’ हे पुस्तक लिहिलं. राधानगरीही अभयारण्यच, गव्यांसाठी १९५८ साली राखलेलं. दोन्ही कुठल्याही राष्ट्रीय उद्यानाच्या तोडीची. तेव्हा यादी करताना पाटीला फार किंमत देऊ नये.

आता ताडोबा. त्याला टाळून हा लेख लिहिता येणार नाही, आणि टाळावं असं ते जंगलही नाही. २०२२ च्या व्याघ्रगणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघांचा अंदाज निघाला. त्यांतल्या मोठ्या वाट्याचा धनी चंद्रपूर जिल्हा. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचं गाभा क्षेत्र सव्वासहाशे चौरस किलोमीटरचं, भोवतीचं बफर अकराशेचं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये गाभा क्षेत्रातलं पर्यटन थांबवलं होतं. ऑक्टोबरमध्ये ती बंदी उठली ती मार्गदर्शक तत्त्वांसह, आणि त्यांनुसार गाभ्याचा जास्तीत जास्त २० टक्के भाग पर्यटनासाठी उघडा ठेवता येतो. म्हणजे ताडोब्यात फार तर सव्वाशे चौरस किलोमीटर. त्यातही आपण रस्त्यावरून हलायचं नाही. मोहर्ली, कोलारा, कुठल्याही फाटकातून शिरा, फिरतो ते त्याच मोजक्या रस्त्यांवर. चार गाड्यांना एकाच वेळी वाघाचा सुगावा लागला की त्या एकाच वळणावर भेटणार, हे रस्त्यांच्या रचनेतच आहे. पर्यटकांना मोबाईल आत नेऊ देत नाहीत तो यासाठीच. वाघ कुठे बसलाय हे एका फोनवरून दहा गाड्यांना कळू नये म्हणून.

एका उन्हाळ्यातली सकाळ सांगते. आमच्याबरोबर जवळच्याच गावातली एक तरुण गाइड होती. तिने हात वर केला, चालकाने इंजिन बंद केलं. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. “कॉल झाला जी. चितळाचा. पण एकच झाला. थांबा.” आम्ही थांबलो. सागाची पानं गळून गेलेली, खाली तपकिरी पाचोळा, मध्येच एक कांडोळ, पांढऱ्या सालीचं. त्याला सगळे गाइड ‘घोस्ट ट्री’ म्हणून दाखवतात. तीही म्हणाली, पण मग पुढे म्हणाली की तिची आजी याचा डिंक गोळा करायची. तेवढ्यात वानराचा खोकल्यासारखा आवाज आला. “आता खरं. वानर उंचावर असते, त्याला दिसते. चितळ कधीकधी नुसत्या वासानंच घाबरते, ताई.” मागून दुसरी जिप्सी आली, मग तिसरी. कुणीतरी मोठ्याने विचारलं, “काय आहे? टायगर आहे?” ती नुसतीच ओठांवर बोट ठेवून बसली. वाघ आलाच नाही. तिसऱ्या गाडीतले वैतागून निघून गेले. ती मात्र परतीच्या वाटेवर शांतपणे सांगत राहिली की मोहाची फुलं वेचायला पहाटे अंधारातच निघावं लागतं, आणि त्याच वेळी तोही फिरत असतो.

हे ती गोष्ट म्हणून सांगत नव्हती. मोह आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात चंद्रपुरातल्या गावांमधून वाघाच्या हल्ल्यात माणसं जातात, दर उन्हाळ्यात. सरकार वारसांना २५ लाख रुपये देतं. आपण ज्या वाघाचा फोटो काढायला फाटकावर रांग लावतो, त्याच वाघाच्या धाकाने फाटकाबाहेरच्या घरात संध्याकाळी पोरांना अंगणात खेळू देत नाहीत. म्हणून ताडोब्याला जायचंच असेल तर बफरमधल्या फेऱ्या घ्याव्यात असं माझं मत आहे. आगरझरी, जुनोना, अलीझंझा. वाघ गाभा-बफर अशी रेघ पाळत नाही, आणि तिथल्या फेरीचा पैसा भोवतीच्या गावांत जास्त मुरतो.

दिवाळी अंकात लिहायचं तर आणखी एक अडचणीची गोष्ट सांगायला हवी. वाघ बघायला दिवाळीची सुट्टी ही सोयीची नव्हे. गाभा क्षेत्र पावसाळ्यानंतर १ ऑक्टोबरला उघडतं. तेव्हा गवत कमरेएवढं असतं, बांबू दाट, नाल्यांना पाणी. प्राण्यांना पाण्यासाठी ठरावीक जागी यावं लागत नाही, आणि चार हातांवर बसलेला वाघही दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये पानं गळतात, ओढे आटतात, मग मोजक्या पाणवठ्यांवर सगळ्यांना यावंच लागतं. छायाचित्रकार पंचेचाळीस अंशांत भाजून घ्यायला तयार होतात ते उगाच नाही. पण शाळांची सुट्टी दिवाळीत, त्यामुळे गर्दीही दिवाळीत, आणि मग ‘तुमच्या जंगलात काही नाही’ हेही दिवाळीतच.

दिवाळीतच जायचं असेल तर पेंच घ्या, पण वाघासाठी नव्हे. आकाशासाठी. नागपूरच्या उत्तरेला, मध्य प्रदेशाच्या सीमेला टेकलेलं हे जंगल जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरलं. त्यासाठी सिल्लारी, पिपरिया, वाघोडा, खापा या गावांतले दिवे बदलून उजेड फक्त खाली पडेल असे लावले. शहरातून गेलेल्या माणसाला आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते तेव्हा तो आधी तिला ढग समजतो. आपल्याकडे या प्रवासाची तारीख काढायला कुठलं संकेतस्थळ लागत नाही, भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. अमावास्येच्या आसपास जायचं. लक्ष्मीपूजन अमावास्येलाच येतं. घरची पूजा सोडून जाणं जमणार नाही, कबूल, पण पाडव्याला निघालात तरी चंद्र अडचण करत नाही. आणि पेंचला जाताना राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून उड्डाणपुलासारखा जो लांबलचक रस्ता लागतो, तो खालून जनावरांना जाता यावं म्हणून उचललेला आहे. असे नऊ मार्ग तिथे बांधले, सगळ्यांत लांब साडेसातशे मीटरचा. पुलांखाली लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघांसकट बरीच मंडळी ये-जा करताना टिपली गेली. आपण वरून ऐंशीच्या वेगाने जात असतो.

नवेगावबद्दल थोडक्यात. गोंदिया जिल्ह्यातलं हे उद्यान म्हणजे मुळात एक तळं आणि त्याभोवतीचं रान. तळं कोहळी समाजातल्या कोलू पाटलाने बांधलं असं सांगतात, आणि झाडीपट्टीतले कोहळी तलाव बांधण्यात किती वाकबगार होते हे पाहिलं की ते पटतं. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले. सोलापूरचा हा माणूस २०२५ च्या जूनमध्ये गेला. त्यांची पुस्तकं वाचून नवेगावला जाणारा वाचक अजूनही आहे, आणि माझ्या मते तोच तिथला खरा पर्यटक. डिसेंबर-जानेवारीत जावं, तेव्हा बाहेरची बदकं आलेली असतात. जाता-येता धानाच्या बांध्यांमध्ये सारस दिसला तर गाडी थांबवा. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः याच जिल्ह्यात, आणि तेही उद्यानात नव्हे, शेतकऱ्यांच्या शेतात.

मेळघाट हे वेगळंच प्रकरण. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत त्याचं नाव होतं, तरीही वाघ बघायला तिथे जाऊ नका असं मी सगळ्यांना सांगते. डोंगर उभे, दऱ्या खोल, जंगल दोन हजार चौरस किलोमीटरहून मोठं. वाघ आहेत, भरपूर आहेत, पण ते तुम्हाला दिसण्याची काही सोय त्या भूगोलात नाही. परतवाड्याहून सेमाडोहकडे निघालं की घाटातच हे लक्षात येतं. कोलकासला सिपना नदी मोठं वळण घेते, त्या वळणावर वनविभागाचं विश्रामगृह आहे. तिथे राहायचं. सकाळी उठून नदीच्या काठाने दिसेल ते बघायचं. संध्याकाळी विजेरीशिवाय व्हरांड्यात बसून ऐकायचं. मला मेळघाट आवडतो तो या ऐकण्यासाठी.

आणि रानपिंगळ्यासाठी. हा मुठीएवढा घुबडाचा प्रकार १८८४ नंतर कुणालाच सापडला नव्हता. मध्ये रिचर्ड माइनर्त्झहागन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत मिळवल्याचा दावा केला होता. अमेरिकेतल्या पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी त्याचा नमुना तपासला तर तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, नव्याने पेंढा भरून खोटी चिठ्ठी लावलेला जुनाच पक्षी निघाला. मग १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये त्या आणि त्यांचे दोन सहकारी जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर निघाले आणि सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, भर उजेडात झाडावर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षांनी. पुढे तो मेळघाटातही सापडला. इतर पिंगळ्यांपेक्षा हा दिवसा जास्त हिंडतो, त्यामुळे सागाच्या उघड्या फांदीवर शेपटी हलवत बसलेला दिसू शकतो. एका चोरीमुळे शास्त्रज्ञ कित्येक वर्षं चुकीच्या राज्यात शोधत राहिले, हे आठवून मला दर वेळी हसू येतं.

मेळघाटात हसू येणार नाही अशाही गोष्टी आहेत. हे कोरकू आदिवासींचं रान. गाभ्यातली बोरी, कोहा, कुंड ही गावं आधी बाहेर काढली, मग आणखी काढली. पायथ्याच्या अकोट तालुक्यात वसवलेल्यांपैकी काही जण तिथे न रुजता परत जंगलात आले आणि वनखात्याशी त्यांचा संघर्ष झाला. आपण ज्या कुरणाला ‘सुंदर मेडो’ म्हणून फोटो काढतो तिथे बऱ्याचदा कुणाचं तरी कुटकीचं शेत होतं. गाइडला विचारलं तर तो सांगतो, विचारलं नाही तर चितळं दाखवतो.

चांदोलीत हे न विचारताच दिसतं. सांगली जिल्ह्यातल्या मणदूरहून आत शिरलं की वारणेचं अथांग पाणी, वसंतसागर. त्याच्या वरच्या अंगाला उठलेल्या गावांच्या खुणा. जोत्याचे दगड, अर्धवट गाडलेलं उखळ, दारातला फणस. फणसाला अजून फळं लागतात, ती आता अस्वलं आणि वानरं खातात. २००४ साली हे राष्ट्रीय उद्यान झालं, २०१० मध्ये कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं, २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आलं. इतके मान मिळूनही पुणे-कोल्हापूरकडच्या बहुतेकांच्या यादीत ते नाही, कारण तिथे काही ‘दिसत’ नाही. खरं तर झोळंबीच्या सड्यावर पावसाळा सरता-सरता गुडघ्यावर बसून बघा. जांभ्या दगडावर बोटभर माती, त्यात सीतेची आसवं, गेंद, आणि किडे पकडून खाणारी दवबिंदूची लालसर रोपं, इतकी लहान की उभं राहून दिसतच नाहीत. कास पठारावर याच फुलांसाठी रांगा लागतात, मध्यंतरी कुंपणही घालावं लागलं होतं.

चांदोलीचे दिवस मात्र बदलतील असं दिसतंय. २०२३ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या कॅमेऱ्यात एक नर वाघ आला, आपल्या पायांनी चालत आलेला. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्यातून एक तरुण वाघीण पकडून, रस्त्याने आणून चांदोलीत सोडण्यात आली. पूर्व टोकाला वाघ जागा पुरेना म्हणून गावांत शिरतात, पश्चिम टोकाला जंगल वाघांवाचून जवळजवळ रिकामं, त्यामुळे हा निर्णय मला पटतो. धास्ती वेगळीच आहे. वाघ स्थिरावले की मणदूरच्या फाटकावर जिप्सींची रांग लागायला किती दिवस लागतील? गोठणगावला घडलं ते टाळायची इथे अजून संधी आहे, कारण इथे अजून काही उभंच राहिलेलं नाही.

राज्याबाहेर जायचं तरी बसून की चालून, हाच प्रश्न विचारावा. मध्य प्रदेशातल्या सातपुडा उद्यानात गाइडबरोबर पायी फिरू देतात, होडीतून नेतात. केरळात पेरियारला बांबूच्या तराफ्यावरून जाता येतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी कान्हा किंवा रणथंभोरच्या आधी यांची नावं सांगते. आणि गोव्याला तर आपण वर्षातून एकदा जातोच. मोलेचं भगवान महावीर उद्यान हे गोव्यातलं एकमेव राष्ट्रीय उद्यान. बहुतेक लोक ते दूधसागर धबधब्याला जाताना जीपमधून ओलांडतात आणि आपण राष्ट्रीय उद्यानातून गेलो हे त्यांच्या गावीही नसतं. २०२० मध्ये रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं रुंदीकरण आणि वीजवाहिनी या तीन प्रकल्पांविरुद्ध गोव्यातली तरुण मुलं याच जंगलासाठी रस्त्यावर उतरली होती.

राहता राहिलं बोरिवली. नॅशनल पार्क म्हटलं की मुंबईकराला हेच आठवतं, आणि तरीही ‘आम्ही कधी राष्ट्रीय उद्यान पाहिलं नाही’ असं म्हणणारे मुंबईकर मला भेटतात. शंभराहून थोडे जास्त चौरस किलोमीटर, दोन-तीन बाजूंनी शहराने आवळलेलं, आत पन्नासच्या आसपास बिबटे. हे जंगल टिकलं त्याचं मोठं श्रेय पिण्याच्या पाण्याला द्यायला हवं. विहार तलाव १८६० साली झाला, तुळशी १८७९ साली, आणि त्यांचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून भोवतालचं रान राखलं गेलं. त्याच्याही आधी, दोन हजार वर्षांपूर्वी, कान्हेरीच्या भिक्खूंनी हेच ओळखलं होतं. लेण्यांच्या माथ्यावर कातळात कोरलेले पन्हळ बघा. पावसाचं पाणी त्यातून वाहत येऊन प्रत्येक लेण्याच्या दारातल्या टाक्यात पडतं. भर पावसात गेलात तर ही सारी व्यवस्था आजही चालू असलेली दिसते.

आणि इथे चालता येतं. मुख्य फाटकापासून कान्हेरीपर्यंत डांबरी रस्त्याने पायी, सायकलवर किंवा बसने. शिलोंड्यासारख्या पायवाटांवर परवानगी काढून, माहीतगार माणसाबरोबर. ऐन मुंबईत कारवी फुलते, आठ वर्षांनी एकदा. २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली. पाड्यांवरची वारली माणसं याच वाटांनी पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करत आलीत, आणि बिबट्या असलेल्या रानात संध्याकाळनंतर मुलांना एकटं बाहेर सोडायचं नाही, मोठ्याने बोलत जायचं, हे शहाणपण आजूबाजूच्या इमारतींनी त्यांच्याकडूनच घ्यायला हवं होतं. उशिरा का होईना, काहींनी घेतलं.

परवा भाचीचा फोन आला. मुलगा सात वर्षांचा झालाय, त्याला पहिलं जंगल दाखवायचंय, ताडोब्याचं बुकिंग करू का म्हणून विचारत होती. चार तास गाडीत गप्प बसायची शिक्षा त्याला इतक्यात कशाला, असं मी तिला म्हटलं. डोंबिवलीहून निघा, दादरला गाडी बदला, बोरिवलीला उतरा. पाण्याची बाटली आणि जुने बूट. सोमवार सोडून कुठलाही दिवस चालेल, सोमवारी बंद असतं.